धुराच्या डोंगरावर, संकष्टीच्या दिवशी

सायकलची सीट ज्याने कुणी शोधली, त्याच्याविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे. तिला आसन म्हणावं तर त्या शब्दाचा अपमान होतो. हे वाक्यसुद्धा मी दोन उशांवर बसून लिहितो आहे.

दोष आमच्या ऑफिसातल्या इंग्रज साहेबाचा. गावाकडच्या हिरव्या टेकडीवर आपण सायकलने कसे चढायचो, हे तो रोज चहाबरोबर ऐकवतो. बहारीनमध्ये चढच नाही, असं तो म्हणाला आणि मला उगाचच लागलं. जबल अद् दुखान, म्हणजे धुराचा डोंगर, आहे की! पुणेकर त्याला टेकडी म्हणतील, पण या देशात त्याहून उंच काही नाही.

माझी मुलगी केतकी लगेच तयार झाली. ती यंदा बारावीत आहे, जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर जाणार. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी पैज लावली: पाय न टेकता माथ्यावर पोचलो, तर पुण्याहून येणारी सगळी पत्रं मराठीत.

"अँड इफ यू डोंट?"

तर इंग्रजी पत्रांबद्दल चकार शब्द काढणार नाही, असं मी कबूल केलं.

शुक्रवारची सुट्टी आणि संकष्टी एकाच दिवशी आली. बायकोने, सुलभाने, खिचडी केली होती. मी मात्र चंद्रोदयापर्यंत काहीच खाणार नाही, असं जाहीर केलं. "अहो, गणपतीला तुमचं वय माहीत आहे," एवढंच ती म्हणाली.

सायकली मनामाच्या बाजारात एका केरळी दुरुस्तीवाल्याकडे भाड्याने मिळतात. ब्रेक आधी बघून घ्या. आम्ही राहतो त्या उम्म अल हस्समपासून अवालीपर्यंत आमचा नागपूरकर मित्र मेश्राम याच्या पिकअपमधून गेलो. तो हिद्दच्या वर्कशॉपात असतो आणि मला शास्त्रीजी म्हणतो. वाटेत रिफ्यात भट्टीतली गरम रोटी घेतली. शंभर फिल्समध्ये दोघांची न्याहारी झाली. मी वास घेतला, तो उपासाला चालतो.

"शास्त्रीजी, उपास अन् चढाव एकाच दिवशी कायले काढता?" मेश्रामने विचारलं. मी त्याला संकल्पाचं महत्त्व सांगितलं. तो दुसरी रोटी खात राहिला.

अवालीच्या पुढे रस्ता तेलाच्या नळांच्या सोबतीने जातो. वाळवंटात पंप माना डोलावत उभे असतात, जणू सगळ्यांनाच तुमचं म्हणणं पटलंय. हिवाळ्यातच जा, आणि सकाळीच. ऊन सौम्य होतं, वारा पाठीशी होता, आणि मला चक्क गाणं सुचत होतं. केतकी पुढे, मी मागे, आणि सर्वांत मागे पिकअपमधून मेश्रामचं "यल्ला, चला शास्त्रीजी!"

मग चढ लागला. डोंगरावर धूर दिसला की आग समजावी, असा तर्क आम्ही पाठशाळेत घोकला होता. इथे धूर डोंगराच्या नावात आहे आणि आग माझ्या पोटऱ्यांत निघाली. तरी मजा येत होती! वळणागणिक सगळं बेट खाली पसरत गेलं. शेवटच्या वळणावर माथा हाताशी आला, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हँडल डगमगलं, पण पाय टेकवायचा नव्हता.

"बाबा, उतरा! पडाल ना! पैज गेली खड्ड्यात, उतरा आधी!"

केतकी सायकल टाकून धावत येत होती. मी पाय टेकवला. तिने मला खडकाला टेकून बसवलं आणि खिशातून खजूर काढला.

"उपासाला चालतो. आईने दिलाय. खा."

मी खाल्ला. मेश्रामने पाण्याची बाटली आणली.

माथ्यावर आम्ही चालत गेलो. दोन्ही बाजूंना समुद्राची निळी रेघ दिसत होती. "नाइस व्ह्यू, बाबा," केतकी म्हणाली. खलास. मराठी संपली होती.

घरी आल्यावर सुलभाने चंद्र उगवेपर्यंत मला हलू दिलं नाही. साहेबाला मी सांगितलं, चढ आहे, आणि जरूर जा. तुम्हीही जा, फक्त खाऊन जा.

पैज हरलो, पत्रं इंग्रजीत येतील. त्याचं मला खरंच काही नाही. पोरगी घाबरली की तिच्या तोंडून मराठी येते, हे त्या वळणावर कळलं. पुण्यात मराठी बोलणारे गावभर आहेत. पण तिथे ती घाबरली तर ऐकायला मी नसेन, याची मला काळजी वाटते.