उंबऱ्याआतला निरोप

टाकवे बुद्रुकच्या सीतारामांनी सत्तर वर्षांच्या आयुष्यात कोणाच्याही मृत्यूची खबर परगावी नेली नव्हती. त्यांचे आजोबा आणि तरुणपणी वडील मात्र तेच काम करीत. गावात कुणी दगावले की घुंगराची काठी घेऊन नातेवाइकांच्या गावी चालत जायचे, अंगणात उभे राहून ओरडून सांगायचे, उंबरा ओलांडायचा नाही, वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यायचे आणि पदरात पडेल ते धान्य घेऊन परतायचे. शोक एका घराचा असे आणि तो वाहून नेण्याचे काम जन्मानेच दुसऱ्याच्या वाट्याला आलेले असे. १९५६ साली धम्मदीक्षा घेतल्यावर वडिलांनी ती काठी चुलीत घातली. सीताराम तेव्हा तान्हे होते.

त्या शनिवारी दुपारी, महिनाभर अंथरुणाला खिळलेले कोंडाजी वारले. गावातले मोठे शेतकरी घराणे त्यांचे. शिवाय कारखान्यात सीतारामांसोबत बावीस वर्षे एकाच पाळीत त्यांनी काम केले होते. तासाभराने त्यांचा मुलगा सत्यम सीतारामांच्या दारात आला. दार यशोधराने उघडले. सीतारामांची ही मुलगी लोणावळ्याच्या शाळेत शिकवते आणि सुट्टीला घरी येते.

“औंढ्याच्या बयाआत्याला सांगाय पायजे, आबा,” सत्यम म्हणाला. “तिला फोनवर ऐकू येत न्हाई. घरातली बी सगळी पिंपरीला गेल्यात, ती एकटीच हाय. पाचला उचलायचं ठरलंय. तुमी गेला तर बरं व्हईल. जुनी मानसं म्हणत्यात, रीत बी तीच हाय.” शेवटचे वाक्य बोलताना तो जमिनीकडे पाहत होता.

“तुमच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत,” यशोधरा म्हणाली. “त्या चालवणाऱ्यांना औंढ्याचा रस्ता सापडत नाही का?”

सीतारामांनी खुंटीवरची टोपी घेतली. “मी जातो,” ते म्हणाले.

सत्यम वळून गेल्यावर यशोधराने दार लावले. “आजोबांनी ती काठी जाळली कशासाठी, बाबा? आज तुम्ही गेलात तर ती तुमच्या हातात परत आली. सोमवारी वर्गात उभी राहून मी मुलांना काय सांगू?”

“तू येऊ नगं.”

“मग एसटीची वाट बघत बसणार? पाचच्या आत पोचाल?” तिने गाडीची किल्ली उचलली. “चालवते मी. पण हे मला मान्य आहे असं समजू नका. तुम्ही त्या अंगणात उभे राहिलात, तर मी पुन्हा या घरी कोणत्या मनाने येईन, मला माहीत नाही.”

कार्ल्याजवळ पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती. गाडी वीस मिनिटे जागची हलली नाही. पाच वाजण्याची भीती दोघांनाही होती. बोलणे त्यामुळे अधिकच तोडके झाले.

“कंपनीत कोंडाजींनी तुमच्या डब्यातली भाकरी खाल्ली,” यशोधरा म्हणाली. “गावात आपल्या घरी किती वेळा पाणी प्यायले?”

“दोनदा.”

“मोजून ठेवलंय.”

“ज्याला पाजायचं आसतं, त्यो मोजतोच.”

कोंडाजींचे समर्थन त्यांनी केले नाही. गावाच्या वेशीत शिरताच मित्राचा आवाज बदलत असे, हे त्यांना कोणापेक्षाही नीट ठाऊक होते. मग ते म्हणाले, “तुजी आई गेली त्या दिवशी दवाखान्यातनं फोन कंपनीत आला. सायेब म्हणला, भोंग्यावरनं हाक मारून बोलवा त्याला. कोंडाजीनं थांबवलं. सोता आला, माजं मशीन बंद केलं. मला स्टुलावर बशिवलं आन् आपण खाली बसला. मग सांगितलं. मी उठाय गेलो तर गुडघे धरून ठेवलं त्यानं.”

यशोधराचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. “हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.”

“तू कंदी इचारलं न्हाईस. तू इचारायचीस, कोण काय वंगाळ बोललं.”

पुढची गाडी सरकली. तिने गाडी पुढे घेतली. “तुम्ही मित्राचा निरोप म्हणून निघालात, बाबा. गावाने मात्र तुम्हाला जुन्या कामावर धाडलंय.”

“व्हय. दोनी खरं हाय.”

“मग फरक कुणाला दिसणार?”

“मी भाईरनं वरडणार न्हाई. आत जाणार, बसणार, मग सांगणार. तेवढं बघ तू.”

औंढ्याला पोहोचेपर्यंत साडेतीन झाले. बयाबाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. सीतारामांना पाहताच त्यांचा हात सुपातच थांबला. सीताराम अंगणात न थांबता सरळ उंबरा ओलांडून आत गेले आणि भिंतीशी टेकून बसले. यशोधराही मागोमाग आली.

बयाबाईंचा चेहरा उजळला.

“आत आलास म्हंजी कोंडाजीला उतार पडला,” त्या म्हणाल्या. “तुला बगून वंगाळच मनात आलं व्हतं, बाबा. तुजा आजा अंगणातनं वरडायचा. त्याचा आवाज आला की रडं सुरूच. बस, च्या टाकते. ही पोरगी तुजीच ना? लय वाळलीया. शाळेत खायाला देत न्हाईत का गं?”

आणि त्या चुलीपाशी गेल्यासुद्धा.

बाप-लेकींनी एकमेकांकडे पाहिले. उंबरा ओलांडणे हा त्यांच्या दृष्टीने पिढ्यांचा अपमान पुसण्याचा एकमेव मार्ग होता. म्हातारीने मात्र त्याच पावलावरून भाऊ जिवंत असल्याचे गृहीत धरले होते. आजोबांच्या आरोळीत जी क्रूरता होती, तिच्यात निदान संदिग्धता नव्हती.

चहा घरच्याच कपात आला. या घरात सीतारामांना असा कप कधी मिळाला नव्हता. चहा पिऊन, मग सांगणे शक्य होते. चार मिनिटांनी काही बिघडणार नव्हते. त्यांनी कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

“ग्वाड कमी झालं का?” बयाबाईंनी विचारले.

ते सरकत त्यांच्याजवळ गेले. दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि कानाशी तोंड नेऊन, ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “आक्का, कोंडाजी गेला. दुपारी.”

बयाबाई रडल्या नाहीत. त्यांनी हात सोडवून घेतला आणि सीतारामांकडे जणू फसवणूक झाल्यासारखे पाहिले. “मग आत कशाला आलास?”

“त्यानं मला बसून सांगितलं व्हतं,” सीताराम म्हणाले. पण या वेळी कानाशी वाकून नव्हे, आणि बयाबाईंना शब्द पोहोचले नाहीत. त्या पुन्हा म्हणाल्या, “आत कशाला आलास रं?”

तेव्हा यशोधरा गुडघ्यांवर बसली. म्हातारीच्या कानाशी वाकून तिने एकेक शब्द सावकाश सांगितला. “आज्जी, माझी आई गेली तेव्हा तुमच्या भावाने बाबांना खाली बसून सांगितलं होतं. गुडघे धरून. म्हणून बाबा आत आले.”

बयाबाईंनी दाराशी राहिलेले तांदळाचे सूप आत घेतले. मग म्हणाल्या, “दांडीवरचं लुगडं दे, पोरी.”

परतीच्या वाटेवर त्या मागे बसल्या आणि सीतारामांचा हात त्यांनी टाकव्यापर्यंत सोडला नाही.

पाचला दहा मिनिटे कमी होती. अंगणात तिरडी बांधून तयार होती. बयाबाईंना बायकांनी आत नेले. सत्यम पुढे आला. त्याच्या हातात तांदूळ भरलेले सूप होते. कोणीतरी थोराने ते त्याच्या हाती दिले असावे, कारण ते कसे धरायचे हे त्याला ठाऊक नव्हते. यशोधरा गाडीपाशी ताठ उभी राहिली.

“ते घरात ठेव, सत्यम,” सीताराम शांतपणे म्हणाले. “मी खांदा द्याय आलोय.”

सत्यमने थोरांकडे पाहिले. थोर तिरडीकडे पाहत होते. कोणी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मग सत्यम सूप ओट्यावर ठेवून तिरडीपाशी गेला आणि पुढच्या डाव्या दांड्यापासून दोन पावले मागे सरकला.

सीतारामांनी टोपी काढून यशोधराच्या हाती दिली आणि त्या मोकळ्या जागी जाऊन दांडा खांद्यावर घेतला. तिने टोपी घेतली आणि अंत्ययात्रा निघाल्यावर बायकांमध्ये न थांबता, दहा पावलांचे अंतर ठेवून, ती बापाच्या मागे चालू लागली.