दाजींची मंडळी

माणसांवर कमी आणि जंतूंवर जास्त विश्वास असलेला, आमच्या दाजींसारखा दुसरा गृहस्थ अख्ख्या नाशकात सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्यासमोर ‘जंतू’ म्हणायचं मात्र नाही. सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणून सगळी नोकरी त्यांनी दही, ताक, आंबील आणि कुरडईचा चीक यांतल्या उपकारी जिवाणूंवर संशोधन करण्यात घालवली, आणि त्या जिवाणूंना ते ‘मंडळी’ म्हणतात. दही नीट लागलं नाही, तर ‘आज मंडळी नाराज दिसतात’. ताक आंबट झालं, तर ‘मंडळींनी जरा जास्तच काम केलं’. कोरोनात आम्ही सगळे हाताला सॅनिटायझर चोळायचो तसे तेही चोळायचे, नाही असं नाही. पण चोळताना चेहरा असा, की घरात सुतक आहे. उन्हाळ्यात सोसायटीतल्या बायकांनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले, की हे दर सकाळी गच्चीवर जाऊन एकेका पातेल्यात नाक घालून यायचे आणि ‘अजून एक दिवस’ असा निकाल द्यायचे. सुरुवातीला बायका वैतागल्या. पुढे पुढे दाजींनी वास घेतल्याशिवाय गहू वाटेनाशा झाल्या.

ताईला बघायला आले तेव्हाची गोष्ट. पोह्यांबरोबर वाटीत दही होतं. ‘मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा,’ असं आमचे वडील म्हणाले, तर यांनी विचारलं, “विरजण कुठलं?” ताई घाबरून म्हणाली, “शेजारच्या काकूंचं.” लग्न ठरलं. “मला पसंत केलं की काकूंच्या दह्याला, देव जाणे,” असं ताई आजही चारचौघांत म्हणते, आणि दाजी आजही त्यावर खुलासा करत नाहीत.

संशोधनासाठी थर्मास खांद्याला लावून ते एसटीने गावोगाव हिंडले. अनोळखी दारात उभं राहून चमचाभर दही मागायचं, हे ते शास्त्र. सुरगाण्याकडच्या एका आजीला मास्तर उपाशी वाटला, म्हणून तिने दह्याबरोबर भाकरी वाढली, आणि यांनी भिडेखातर नमुना जेवणात संपवला. सिन्नरजवळच्या एका बाईने तर ‘दिवेलागणीनंतर घरातून विरजण देत नसतात’ म्हणून सरळ परत पाठवलं. विज्ञानाचा माणूस, त्याने वाद घालावा की नाही? हे सिन्नरला मुक्काम करून सकाळी पुन्हा हजर!

“अहो दाजी, अंधश्रद्धा आहे ही,” मी म्हटलं.

“असेल. पण मंडळी तिची आहेत मेव्हणे. कधी पाठवायची ते तिने ठरवायचं.”

या सगळ्या पसाऱ्यात त्यांच्या खऱ्या जिव्हाळ्याचं विरजण एकच, त्यांच्या आईचं. आई नामपूरची. पोरगा शिकायला नाशकाला निघाला तेव्हा तिने दह्याचा डबा हातात दिला आणि आपल्या अहिराणीत सांगितलं, “दही जित्तं शे भाऊ, त्याले एकलं सोडू नको.” आई गेली, पण तिच्या दह्यावर रोज नवं दही लागत राहिलं. सगळ्या गोतावळ्यात त्यांनी ते फक्त आम्हाला दिलं, चिनीमातीच्या बरणीत, ‘माझ्याकडे काही झालंच तर असावं’ म्हणून. पुढे भेटले की पहिला प्रश्न, “मंडळी कशी आहेत?”

“मजेत,” मी सांगायचो.

आता लपवण्यात अर्थ नाही. मंडळी दुसऱ्याच उन्हाळ्यात वारली होती. आम्ही आठ दिवस गावाला गेलो, आलो तर बरणीत गुलाबी बुरशी. बायकोने बरणी घासली, मी कोपऱ्यावरून पाकिटातलं दही आणलं आणि त्याचं विरजण लावलं. सांगायचं धाडस झालं नाही. पुढच्या रविवारी दाजींनी तेच दही चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! आईच्या हातचं.” मग काय, बारा वर्षं हेच नाटक. ते तोंडभरून कौतुक करायचे, आणि मी मनात हसायचो, की एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि कोपऱ्यावरचं दही ओळखता येईना.

यंदा उन्हाळ्यात ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस दोघं पुण्याला लेकीकडे राहिली. इकडे घरातला मेन स्विच पडला, फ्रिज बंद, आईचं दही गेलं. कॉलेजातल्या फ्रीजरमध्ये जपलेल्या त्या विरजणाच्या नळ्या तर ते निवृत्त झाल्यावरच साफसफाईत गेल्या होत्या. दाजी रिकामा डबा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. “मेव्हणे, आता तुमच्याकडचीच मंडळी.”

मी बायकोकडे बघितलं, बायकोने जमिनीकडे. शेवटी एका दमात सगळं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

दाजी शांतपणे म्हणाले, “माहीत आहे. पहिल्याच रविवारी वासावरून कळलं होतं.”

“मग आज आलात कशाला?”

“वाटलं, तेव्हा आपलं नाक चुकलंही असेल.” डब्याचं झाकण उघडत, लावत ते म्हणाले, “जन्मात पहिल्यांदा वाटलं, आपण चुकलेलो असावं.”

एकदम बायको म्हणाली, “अहो, मावशी!” मखमलाबादहून आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशी. दाजींच्या विरजणाचं दही वाढून बरणीत मावेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात हिने वाटीभर त्यांना देऊन टाकलं होतं.

रिक्षा करून आम्ही मखमलाबादला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशी म्हणाल्या, “तेच हाय की. लय जपलंय, एक दिस मोडू दिलं नाय. पण आता विरजण मिळायचं नाय दादा, दिवा लागला. बसून खा पाहिजे तेवढं, न्यायला सकाळी या.”

मी वाद घालायला तोंड उघडलं, तर दाजींनी माझा हात दाबला. मावशींनी वाटी पुढे ठेवली. दाजींनी एक चमचा खाल्ला, मग दुसरा. बारा वर्षं माझ्या पाकिटातल्या दह्याला ‘वा’ म्हणणारा माणूस, अवाक्षर बोलेना.

“आंबट झालं का दादा?” मावशींनी काळजीने विचारलं.

“नही माय,” दाजी म्हणाले. त्यांच्या तोंडून अहिराणी मी जन्मात ऐकली नव्हती. “जित्तं शे.” आणि चष्मा काढून पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, मखमलाबादहून भरून आणलेला डबा घेऊन ते माझ्या दारात हजर. त्यातलं थोडं विरजण आमच्याही बरणीत आलं; मी नको नको म्हणत होतो. फोनवर अजूनही पहिला प्रश्न तोच असतो, “मंडळी कशी आहेत?” फरक एवढाच, की हल्ली मी “एक मिनिट हं दाजी” म्हणतो, उठून बरणी उघडून बघतो आणि मग सांगतो.