आत्यांच्या दहाव्याला बीअरचं नाव काढलं

आज नदीवर सगळ्या पाहुण्यांपुढं मी बोलले, "आत्यांची बीअर राहिलीय."

आत्या म्हणजे माझी सासू. आज त्यांचा दहावा होता.

लाजेनं मान वर होत न्हाई अजून. पण लोक काहीबाही बोलायच्या आधी मीच लिहिते.

देहूला घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून. एक खाली येईना.

वडे ठेवले. बुंदी ठेवली. चहा ठेवला. मिश्रीची पुडी पण ठेवली.

नणंद रडत म्हणाली, "आई, आम्ही भांडणार न्हाई, नीट राहू, शिव गं."

तरी न्हाई.

चुलतसासूबाई माझ्या मांडीवरच्या बाळाकडं बघून म्हणाल्या, "इच्छा राहिली की जीव तान्ह्या लेकरापाशी घुटमळतो."

मी बाळाला पदराखाली घेतलं. चार महिन्यांचं आहे ओ लेकरू.

आणि इच्छा काय राहिलीय ते मला एकटीलाच माहीत.

आत्या इथं माणमधल्या एका बीअरच्या हॉटेलात भाकरी थापायला जायच्या. तिथं एक स्पेशल बीअर बनवतात. हजारो वर्षांमागं लोक भाकरी कुस्करून, भिजवून, आंबवून बीअर करायचे म्हणे, तशी. आत्या बाजरीच्या अर्धकच्च्या भाकरी करून द्यायच्या. त्यात खजूर पडायचा.

घरी येऊन हसायच्या. "आमी शिळी भाकर भिजवली की गरिबी. ह्यांनी भिजवली की फॅशन!"

एकदा पाण्याच्या बाटलीतनं थोडी घेऊन आल्या. "सायबांनीच दिली. चव बघा म्हणाले."

दार लावलं. स्टीलच्या पेल्यात ओतली.

मी म्हणाले, "आत्या, बाळ अंगावर पितंय माझ्या."

"मग तू पिऊ नको. बोट बुडव नुसतं."

बोट चाटलं. ताकासारखी आंबट. भाजक्या भाकरीचा वास. मागनं जरा खजूर.

आत्यांनी दोन घोट घेतले.

मग म्हणाल्या, "ह्याच्यापायी मारत होता व्हय मला, जन्मभर?"

सासरे दारूनंच गेले.

तेवढ्यात बाहेर मिस्टरांची गाडी वाजली. आत्यांनी उरलेली मोरीत ओतून दिली. "कुणाला सांगू नको. एकदा नीट बसून भरला पेला पिणार हाय मी."

ते राहिलं. आत्या झोपेतच गेल्या.

म्हणून आज बोलले.

चुलतसासरे ओरडले, "सूनबाई, तोंड आवर! बाईमाणसाच्या पिंडाला बीअर?"

सासऱ्यांच्या पिंडाला ह्याच माणसांनी क्वार्टर ठेवली होती. वर हसत होते, "भाऊला सोडा पण द्या रे." तेव्हा कुणाला लाज वाटली न्हाई. आज मला इतकी वाटली की पदर तोंडावर घेतला.

मिस्टर उठले. माझ्याकडं बघितलं पण न्हाई. पिंडापुढं हात जोडून म्हणाले,

"आई, आणतो मी. तू निवांत पी."

एक कावळा उतरला.

वड्यासाठी उतरला का बीअरसाठी, मला काय कळतंय? पण शिवला.

येताना टेम्पोत कुणी माझ्याशी बोललं न्हाई. नणंद तेवढी बोलली. "आईची अब्रू घालवलीस, वहिनी."

खरंय. नको सांगू म्हणाल्या होत्या, मी सांगितलं. लेकरासाठी सांगितलं. पण ज्यांना वाटतंय म्हातारी चोरून पीत होती, त्यांनी वाचा. अख्ख्या जन्मात दोन घोट. बास.

आत्ता भांडी घासत होते, नणंद शेजारी येऊन बसली. राख घेतली, घासायला लागली.

मग हळूच, "वहिनी, आवडली होती का गं आईला?"

मी म्हणाले, "वरच्या ओठाला फेस लागला होता. मी पुसायला गेले तर पुसू दिला न्हाई."

ती हसली. मग लई रडली.

आत्या, तुमचं गुपित फोडलं, पोटात घाला. लेकरावर लांबनंच लक्ष ठेवा.

जावा आता सुखानं.