उंबराखालचा दगड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वीसेक वर्षं झाली. आज उघडीप आहे, जेवून बांधावर बसलोय, मन निवांत आहे — म्हणून तुम्हाला सांगतो.

ही समोरची खोलगट जागा पाहा. उल्हास नदी फुगली की पाणी आधी इथे शिरतं, आठवडाभर मुरत राहतं, आणि कर्जतचा बाजार कोरडा राहतो. एवढं साधं आहे. माझा थोरला भाऊ तेव्हा पंचायतीत होता. त्याला इथे भराव टाकून दुकानांचे गाळे काढायचे होते. वाईट नव्हता हो दादा — गावाचं बरं व्हावं, एवढंच त्याच्या मनात. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. ग्रामसभेत उठून सगळं समजावलं, तर दादा म्हणाला, "पानी काय तुला इचारून जातं रं, मास्तर?" सगळी सभा हसली.

खरं सांगू? काळजी पुराची होती, पण राग त्या हसण्याचा होता. भरावाच्या दोन बैलगाड्या येऊन पडल्या. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना, मी इथल्या या उंबराखालच्या दगडाला शेंदूर फासला. मी — वर्गात अंधश्रद्धेवर तासन्‌तास बोलणारा! संध्याकाळी कुणीतरी नारळ ठेवला, आठ दिवसांत घंटा आली. भराव थांबला तो थांबलाच.

पण कबुली त्याची नाही. त्याचं मला अजून हसूच येतं.

त्याच महिन्यात दादा विहिरीच्या पायरीवरून घसरला. पाय मोडला, तो नीट जुळलाच नाही. एकदा ओटीवर हळूच म्हणाला, "माजंच चुकलं रं. देवाच्या जागंत माती टाकाय निघालो. म्हणूनच पाय मोडला ना माजा?"

एक वाक्य पुरलं असतं. मी — मी मान हलवली. होकाराची.

का? भराव पुन्हा पडेल ही भीती होती? होती. पण सभेतलं हसूही टोचत होतंच. पुढे भीती गेली, टोचणंही गेलं; तरी मी बोललो नाही. दादा दर अमावस्येला अनवाणी, लंगडत इथे यायचा, दगडाला वाटीतला शेंदूर लावून माफी मागायचा. शेवटपर्यंत.

यंदाही पाणी इथेच थांबलं. बाजार कोरडा आहे, बेडूक ओरडताहेत, टिटवी फिरतेय. मला समाधान वाटतं, ते लपवत नाही.

दादा गेला. अमावस्येचा शेंदूर आता मी लावतो. त्याच्याच वाटीतला.