अरुणकाकांचा फोटो आणि माझा भागाकार

मॉरिसव्हिलच्या आमच्या मंडळात अरुणकाका इनामदारांनी जिथल्या बारशाचे नाहीतर मुंजीचे फोटो काढले नाहीत, असं घर सापडायचं नाही. सांगलीत तीस वर्षं त्यांचा स्टुडिओ होता. लेकीकडे, नैनाकडे, अमेरिकेत कायमचे आले तेव्हा कॅमेरा मांडीवर घेऊन विमानात बसले होते. हललेला फोटो त्यांनी कधी कुणाला दिला नाही.

त्यांच्या पत्नी, मंदाकिनीकाकू, फेब्रुवारीत गेल्या. गणपतीचे मोदक दरवर्षी त्याच करायच्या, म्हणून मंडळाच्या स्वयंपाकघराबाहेर त्यांचा चार फुटी फोटो लावायचं ठरलं. फोटो काकांनीच काढलेला. काकू मोदकाला कळ्या पाडताहेत, नाकाला पीठ लागलंय. छापून आणायचं काम मी अंगावर घेतलं.

काका म्हणाले, "एवढा मोठा छापायला दहा-बारा मेगापिक्सेल तरी हवेत. आडवे ठिपके गुणिले उभे ठिपके, नि मेगाने भाग. कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड शोधून देऊ का?"

माझ्याकडे तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला होता. सोळाशे बाय बाराशे. एकोणीस लाख वीस हजार. मी तोंडीच केलं.

"कशाला शोधताय? एकोणीस भरले!"

"एकोणीस? अगं, कॅमेराच बाराचा आहे माझा."

"काका, पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी."

नैना हसली. "बाबा, गप्प बसा. बाई पट्टी मारतील."

"बरं बाई, असेल," काका म्हणाले.

छापणाऱ्यांच्या साइटवर, फोटो एवढ्या आकाराला कमी पडेल, असा पिवळा इशारा आला होता. मी ओके केलं. फोटो गुंडाळलेला आला, तो चतुर्थीच्या सकाळी घाईघाईत, नीट न बघताच भिंतीवर चढवला आणि वरून उपरणं टाकलं. आरती झाल्यावर काकांनी ते ओढलं.

काकूंचा चेहरा ओल्या कागदावर शाई फुटावी तसा दिसत होता. डोळे कुठले नि पीठ कुठलं, कळेना. कुणाची तरी छोटी रुही मोठ्यानं म्हणाली, "व्हाय इज आजी सो ब्लरी?"

काकांनी फोटोला हात जोडले आणि लोकांकडे वळून म्हणाले, "कॅमेरा जुना हो माझा. त्यात माझा हातही हलला असेल."

मी आरतीचं तबक धरून तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. गणपतीसमोर नाही बोलले.

घरी पावती पाहिली. त्यावर स्पष्ट होतं, १.९ मेगापिक्सेल. मेगा म्हणजे मिलियन, मिलियन म्हणजे दहा लाख. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आणि भागलं मात्र लाखाने, आपल्या सवयीने.

दुसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला उपरणं ओढलं तेव्हाच कळलं."

"मग स्वतःवर का घेतलंत?"

"तुझ्या हातात तबक होतं. अशा वेळी बाईमाणसाला चारचौघांत बोलायचं का?"

त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपने लहान न केलेल्या मूळ फोटोचं कार्ड काढून दिलं. नवा फोटो स्वच्छ आला, काकूंच्या नाकावरचं पीठसुद्धा दिसतं. काका म्हणाले, आता कशाला कुणाला सांगतेस. पण परवा हळदीकुंकवाला मंडळातली देवयानी म्हणाली, "काकांचा हात हलायला लागला बाई, आता बारशाला दुसरा फोटोग्राफर बघू." तेव्हापासून जेवण जात नाही. म्हणून मंडळाच्या अंकात माझ्या नावानिशी लिहिते आहे. काकांचा हात हलला नव्हता. कॅमेराही चांगला होता. चूक माझी होती, आणि त्या दिवशी तोंड मी बंद ठेवलं.