उजवा कौल

आमच्या गावात गेल्या नवरात्रापर्यंत सांगायचे की देवीने माझ्या पत्नीला आधी ऑपरेशन नाकारलं आणि नंतर तिची भक्ती पाहून होकार दिला. ही गोष्ट माझ्यापासून सुरू झाली. तिचा पहिला भाग खोटा आहे. आता वय झालं आहे, म्हणून जे घडलं ते तसंच सांगतो.

विंचूरजवळ आमची थोडी शेती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पत्नीच्या गळ्याला सुपारीएवढी गाठ आली. नाशिकच्या डॉक्टरांनी गलगंड म्हणून सांगितलं आणि ऑपरेशन सुचवलं. माझी आई पोटाच्या ऑपरेशनला गेली ती परत आली नव्हती, त्यामुळे मला तो शब्दच नको होता. पत्नी म्हणाली, "देवीला विचारा. ती म्हणंल तसं करू." आमच्याकडे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवून कौल लावतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गुरवाने फुलं लावली आणि तो विहिरीवर पाणी आणायला गेला. गाभाऱ्यात मी एकटाच होतो. थोड्याच वेळात उजवं फूल पडलं. मी ते उचलून पुन्हा चिकटवलं आणि डावं बोटाने पाडलं.

पत्नीने पुन्हा कधी दवाखान्याचं नाव काढलं नाही. गाठ वाढत गेली, तसा तिचा पदर गळ्याभोवती घट्ट होत गेला. मंदिरात आरती नेहमी तीच उचलायची, इतका तिचा आवाज मोकळा होता. पण पुढे दोन ओळींत तिला धाप लागू लागली. भाकर दुधात कुस्करून खायची आणि उशाला गोधड्या रचून, बसल्या बसल्या झोपायची. मी रोज देवीला नारळ फोडत होतो, पण मान वर करून तिच्याकडे बघत नव्हतो.

अशीच बरीच वर्षं गेली. ऐंशीनंतर एकदा भाचीच्या लग्नासाठी आम्ही एसटीने नाशिकला निघालो होतो. पिंपळगावच्या पुढे पत्नीचा श्वास अडकू लागला. शेजारी बसलेल्या बाईने खिडकी उघडली, पत्नीचा पदर सैल केला आणि गळ्याला हात लावून पाहिला. आपण दवाखान्यात नर्स आहोत, असं तिने सांगितलं.

"अगं बाई, हे इतकं वाढेपर्यंत दाखवलं नाही?"

"देवीनं नाय म्हटलंय," पत्नी कशीबशी बोलली.

मला वाटलं, नर्स आता हसेल. ती हसली नाही. "तेव्हा केवढी होती गाठ?"

"सुपारीएवढी."

"मग देवीने सुपारीएवढी पाहिली. ही कुठे पाहिलीय? जा, पुन्हा दाखव तिला. आईला काय एकदाच विचारतात?"

इतकी वर्षं मला जी वाट सापडली नव्हती, ती त्या बाईने सहज उघडून दिली. पुढे दवाखान्यात मी तिला पुष्कळ शोधलं, पण ती पुन्हा दिसली नाही.

दुसऱ्या कौलाला पत्नी स्वतः बसली. मी मागे उभा होतो. मनात म्हणत होतो, आई, पाप माझं आहे, शिक्षा हिला देऊ नकोस. तिचे हात जोडून होतात न होतात तोच उजवं फूल खाली आलं. ऑपरेशन झालं, ती वाचली. आधी आणलं असतं तर सोपं गेलं असतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. तिचा आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. "देवीनं जीव दिला, आवाज ठेवून घेतला," असं ती आनंदाने सांगायची आणि मी काहीतरी निमित्त काढून उठायचो.

गेल्या नवरात्रात शेजारच्या सुनेच्या गळ्याला गाठ निघाली. तिची सासू आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "आपल्या देवीला चाकू चालत नाय. तुमालाच तर म्हाईत हाय." ती गेल्यावर मी पत्नीला सगळं सांगितलं. तिने निवडायचे तांदूळ बाजूला सारले.

"माझ्या आवाजाचं जाऊ द्या," ती म्हणाली. "पर देवीच्या तोंडी खोटं घातलंत तुमी. ते आधी काढा."

दुसऱ्या दिवशी आरतीच्या आधी मी सर्वांसमोर कौलाचं खरं सांगितलं. म्हातारा गुरव म्हणाला, "लेका, मी एक घागर भरून येईस्तोवर तू देवीच फिरवलीस व्हय!" एकदोघे हसले. ती सासू हसली नाही. सुनेचा हात धरून तिने विचारलं, "नाशिकची गाडी कितीला हाय?"

मग पत्नीने आपल्या घोगऱ्या आवाजात आरती उचलली. मी भीतीपोटी देवीचं बोलणं बदललं आणि त्यालाच भक्ती म्हणत आलो. तिने मात्र मला टाकलं नाही. एसटीत ती बाई पाठवली, आणि पत्नीला माझ्यासोबत म्हातारी होऊ दिली. आरती संपल्यावर बऱ्याच वर्षांनी मी मान वर करून देवीच्या मुखाकडे पाहिलं. काही मागितलं नाही, कौलही लावला नाही. नुसतं डोकं टेकवलं.