सात सूत्रं आणि टाकीचं पाणी

गहिनीनाथचं गाव दुष्काळी कर्जत तालुक्यातलं, फेब्रुवारीतच टँकरची वाट बघायला लागणारं. तिथला हा पोरगा एकोणिसाव्या वर्षी नेव्हीत लागला, तेव्हा विहिरीपेक्षा जास्त पाणी त्यानं कुठं पाहिलेलं नव्हतं. वीस वर्षं नोकरी झाली. ती बहुतेक सगळी जहाजाच्या पोटात नाहीतर बुडाखाली गेली. जहाज कोरड्या गोदीत घेतलं, की त्याच्या बुडाला चिकटलेला शिंपल्यांचा आणि शेवाळाचा थर लोखंडी पात्यानं खरवडून काढायचा, हे त्याचं काम. उन्हात तो थर कुजायचा. आठ-आठ दिवस अंगाचा वास जायचा नाही. जहाजाच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी उपसतानाही पहिल्या वर्षी तो रोज ओकायचा. पण या सगळ्यात तो एक गोष्ट शिकला: वर डेकवर कितीही पितळ चमकू दे, बूड घाण असेल तर जहाज पळत नाही.

मुंबईत असताना एका सुट्टीच्या दिवशी ओहोटीला चालत तो अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात गेला होता. तिथून कान्होजी आंग्र्यांचं वेड लागलं. मिळेल ते वाचलं. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या सगळ्यांना पुरून उरलेला हा माणूस नक्की करत काय होता, हे त्याला खलाशाच्या डोळ्यानं समजून घ्यायचं होतं. नोकरी संपवून तो गावी परतला, तेव्हा कपड्यांपेक्षा वह्याच जास्त होत्या.

कर्जतच्या बाहेर माळावर रविराजनं भरतीची अकॅडमी काढली होती. पत्र्याच्या दोन शेड, एक मैदान, चाळीस-पन्नास पोरंपोरी आणि भिंतभर कान्होजींचं चित्र. चित्रात कान्होजी घोड्यावर बसलेले होते. मागे निळी लाट होती, एवढाच काय तो समुद्राशी संबंध. रविराज स्वतः कधी कुठल्या भरतीत उतरला नव्हता, पण छातीवर शिट्टी आणि डोळ्यावर काळा चष्मा लावून फिरायचा.

"सर, तुमच्यासारखा खरा नेव्हीवाला माणूस पायजे आपल्याला," तो गहिनीनाथला म्हणाला. "पोरांना रोज गणित शिकवा, रविवारी कान्होजींवर बोला. मोटिव्हेशन म्हणतात ना, ते."

घरात बसून कंटाळलेला गहिनीनाथ हो म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात अकॅडमीतल्या नळाचं पाणी तोंडाजवळ नेलं आणि त्याचं नाक आक्रसलं. तो वास त्याच्या ओळखीचा होता. त्यानं ग्लास ओतून दिला. दुसऱ्या दिवसापासून घरून दोन लिटरची बाटली आणायला लागला. रविराजला एकदा म्हणाला, "टाकी साफ करून घ्या." रविराज म्हणाला, "घेतो ना सर." विषय संपला. आठ महिने गहिनीनाथ त्या बाटलीतलं पाणी पीत राहिला आणि समोर घामानं थबथबलेली पोरं नळाला तोंड लावत राहिली.

मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या कडूबाईनं एकदा त्याला थांबवलं होतं. "सर, डाळीला फेस येतुया काळा. पाणीच तसलं हाय."

"सांगितलंय मी रविराजला."

"म्या बी सांगितलंय. शिडी मोडलीया म्हणत्यात."

आणि तो पुढे गेला होता.

दिवाळीनंतर निकिताचे डोळे पिवळे दिसायला लागले. ही एकोणीस वर्षांची पोर राहात्याकडची. बाप कारभारी शिर्डीत फुलांच्या स्टॉलवर हार ओवायचा. नेव्हीतच जायचं म्हणून पोरीनं इतक्या लांब येऊन राहायचं ठरवलेलं. धावण्यात ती कुणाला ऐकत नव्हती. एका सकाळी तिसऱ्या फेरीला ती मैदानाच्या कडेला बसली आणि हिरवट, कडू पाणी ओकली. रविराज शिट्टी वाजवत तिथं आला.

"ऊठ! नाटकं नकोत. कान्होजींचे मावळे असं बसत हुते का?"

निकिता उठली. ओढणीनं तोंड पुसून अर्धी फेरी पळाली आणि कोसळली.

संध्याकाळपर्यंत आणखी तिघांना ताप चढला. गहिनीनाथनं निकिताला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पापणी खाली ओढून बघितलं आणि विचारलं, "पाणी कुठलं पितात ही मुलं?"

कारभारी रात्रभर प्रवास करून सकाळी पोचला. बाप औषधं आणायला गेला तेव्हा सलाईन लावलेल्या निकितानं गहिनीनाथकडं बघितलं. आवाजात राग नव्हता.

"सर, तुमी बाटली घरनं आणता ना, आमी लई दिवस बघतोय. आमाला वाटायचं, तुमाला पोटाचा कायतरी आजार असल."

 स्वतःच्याच तोंडाला वास येतोय असं गहिनीनाथला वाटलं. तो तिथून उठला, तो सरळ अकॅडमीवर गेला. कडूबाईच्या शेजाऱ्याकडून शिडी आणली आणि शेडवर चढला.

टाकीचं झाकण अर्धं फुटलेलं होतं. आत दोन मेलेली कबुतरं होती. एकाची फक्त पिसं उरलेली, दुसरं फुगून पाण्यावर तरंगत होतं. टाकीच्या भिंतींना बोटभर जाडीचं हिरवं-काळं बुळबुळीत लेपण होतं, आणि त्यात काहीतरी बारीक, पांढरं वळवळत होतं. वीस वर्षं जहाजांची गटारं उपसलेला हा माणूस शेडच्या पत्र्यावर गुडघ्यावर बसून भडभडा ओकला. खाली मेसपुढं पोरं ताटं विसळत होती. त्याच पाण्यात.

रविराज खाली उभा होता. गहिनीनाथनं काय दिसलं ते सांगितलं तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला.

"रविवारी पालक मेळावा हाय. तो होऊ द्या. सोमवारी धुऊन घेतो. आत्ता ब्लीचिंग पावडर टाकतो थोडी."

"पोरं आजारी आहेत, रविराज."

"सर, कान्होजींची माणसं काय बाटलीतलं पाणी पीत हुती का? थोडं कणखर नको व्हायला?" मग त्यानं मोबाईल पुढं केला. "ते सोडा. रविवारी तुमी हे वाचायचंय. मी लिवून घेतलंय."

स्क्रीनवर मजकूर होता: कान्होजींच्या यशाची सात सूत्रं. कान्होजी पहाटे चारला उठत. कान्होजी रोज दहा मैल धावत. कान्होजींनी आयुष्यात कधी माघार घेतली नाही. कान्होजी तक्रार करणाऱ्यांना जवळ उभं करत नसत. सातवं सूत्र होतं, योग्य अकॅडमीची निवड.

  गहिनीनाथनं मोबाईल परत दिला. नळाची तोटी त्यानं तारेनं बांधून टाकली आणि गावातून पाण्याचे जार मागवले.

रविवारी मैदानात मंडप घातला होता. पालक, नातलग मिळून दीडशे जण आले. गावोगावची साधी माणसं, धुतलेल्या टोप्या, इरकली लुगडी. रविराजनं माईकवर ओळख करून दिली आणि गहिनीनाथ उभा राहिला. हातात कागद नव्हता.

"मी वीस वर्षं नेव्हीत घाण काढायचं काम केलं," त्यानं सुरुवात केली. "म्हणून कान्होजी मला कळतात तसे सांगतो. त्यांनी कधी माघार घेतली नाही, असं तुम्हाला सांगायला मला लिहून दिलंय. खोटं आहे. ते मागं सरायचे. वारा उलटा असला, समोर मोठं तोफांचं जहाज आलं, की त्यांची गलबतं उथळ खाडीत शिरायची. परक्यांच्या जहाजांचं बूड खोल, ती आत येऊ शकायची नाहीत. बाहेर थांबून थांबून कंटाळायची. मग वारा पडला, ती जहाजं जागच्या जागी खिळली, की कान्होजींची वल्ह्यांची गलबतं बाहेर निघायची. तोफा असलेली मोठी जहाजं, म्हणजे गुराबं, ती दोरानं ओढून आणायची आणि शत्रूच्या पिछाडीला लावायची. तिथं त्याच्या तोफा कमी. यात पहाटे चारला उठण्याचा काय संबंध? यात पाणी ओळखायची अक्कल आहे. भरती कधी, ओहोटी कधी, कुठल्या खडकामागं किती पाणी, हे कोळ्याला आणि भंडाऱ्याला ठाऊक होतं, आणि त्यांचं ऐकून घेणारा माणूस वर बसला होता."

 रविराज हसत मान डोलवत होता.

"आणखी एक. परकी जहाजं महिनोन्‌महिने समुद्रात. बुडाला थर चढायचा, पिंपातलं पाणी सडायचं, माणसं आजारानं मरायची. कान्होजींचे किल्ले किनाऱ्याला लागून. जहाज ओढून घ्या, बूड खरवडा, ताजं पाणी भरा, परत सोडा. सतराशे एकवीस साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. माझं खलाशाचं मत सांगतो. ज्याला आपल्या माणसाच्या पोटात काय जातंय याची पर्वा नाही, त्याला आरमार चालवता येत नाही. आता सगळे उठा. या शेडवर शिडी लावलीय. तुमची पोरं आठ महिने काय प्यायलीत ते एकेकानं बघून या. मला आठ महिने ठाऊक होतं. मी घरून पाणी आणत होतो. मी गप्प बसलो."

रविराजचं हसू तोंडावरच राहिलं. "माईक बंद करा," तो ओरडला.

बरेच पालक चढले. एक म्हातारी शिडीच्या दुसऱ्या पायरीवरूनच वासानं परत फिरली. कारभारीनं वर जाऊन बराच वेळ आत बघितलं. खाली आला तेव्हा हाराच्या दोऱ्यानं कापलेली बोटं तो सदऱ्याला पुसत होता. तो रविराजच्या शेजारून पुढं गेला. गहिनीनाथपुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुमी तर शिकल्याली मान्सं." एवढंच.

गहिनीनाथला वाटलं होतं, मंडप पेटून उठेल. तसं झालं नाही. सतरा पालकांनी त्याच दिवशी पोरं नेली. बाकीच्यांनी कुजबुज केली. एक जाडजूड गृहस्थ त्याच्यावरच खेकसला, "दोन महिन्यांवर भरती आलीया अन् तुमाला आत्ताच हे काढायचं हुतं व्हय?" दुसऱ्यानं रविराजला बाजूला घेऊन, टाकी धुतल्यावर पोराला ठेवता येईल ना, असं विचारलं. ज्यांनी ती कबुतरं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, त्यातले काही जण खाली उतरून मेळाव्याच्या जेवणाला बसले. ते बघताना गहिनीनाथला टाकी बघतानापेक्षा जास्त किळस आली. आणि त्यांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही, हे कळल्यावर स्वतःची आली.

टाकी धुतली गेली. गहिनीनाथला दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणून निरोप आला. निकिता बरी झाली, पण त्या वर्षीची भरती हुकली. ती राहात्याला परत गेली आणि तिथल्या रस्त्यावर धावायला लागली. गहिनीनाथ तिला फोनवर भरतीच्या परीक्षेची गणितं सांगायचा. ती नीट बोलायची, प्रश्न विचारायची, पण फोन ठेवताना "सर" म्हणायची नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

जूनमध्ये त्याच्या बायकोनं, ज्ञानेश्वरीनं, मोबाईल त्याच्यासमोर धरला. "हे तुमीच की."

व्हिडिओ होता. मंडप, माईक आणि तो. वारा, खाडी, गुराबं, कुलाबा, सगळं भाषण होतं. "त्याला आरमार चालवता येत नाही" इथं तोडलेलं. त्यावर तुतारी वाजत होती, आणि शेवटी घोड्यावरचे कान्होजी व अकॅडमीचा नंबर.

त्यानं रविराजला फोन लावला. "काढून टाक ते."

"सर, लई चाललंय ते! लोकांना लई आवडलंय. तुमच्याबद्दल माझ्या मनात कायबी न्हाई. या ना परत."

गहिनीनाथनं फोन बंद केला आणि मोरीत जाऊन हात धुतले. कोपरापर्यंत, साबणानं, दोनदा.

पुढच्या आठवड्यात कर्जतच्या स्टँडवर एका अनोळखी माणसानं त्याला हाक मारली. हातात पत्र्याची नवी पेटी होती. "सर, तुमीच ना ते कान्होजीवाले? तुमचं ऐकूनच पोरीचं नाव घातलंय त्या अकॅडमीत. ही पेटी पोचवाय चाललोय."

गहिनीनाथनं त्याला बाकावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कबुतरं, निकिता, तोडलेला व्हिडिओ आणि आपले आठ महिने. माणूस ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा आदर हळूहळू उतरत गेला आणि त्या जागी जे आलं ते गहिनीनाथनं मान खाली न घालता सोसलं.

"मंग आता पानी चांगलं हाय का तिथं?" माणसानं विचारलं.

"मला माहीत नाही," गहिनीनाथ म्हणाला.

अकॅडमीकडं जाणारी बस लागली. माणूस पेटी उचलून उठला. गहिनीनाथनं पेटीची दुसरी कडी धरली आणि त्याच्याबरोबर बसमध्ये चढला.